अप्पांच्या मुक्कामी गाडीचे लाल दिवे

विश्वनाथअप्पा घराबाहेर पडताना आधी उंबऱ्यावर थांबतात, मागं वळून आत बघतात, "कुणी राहिलं का?" असं विचारतात आणि मग तोंडानं "टण्‌ टण्‌" असा आवाज काढतात. त्यानंतरच त्यांचं पाऊल रस्त्यावर पडतं. घरात ते आणि निर्मलाकाकू अशी दोनच माणसं. काकू स्वयंपाकघरातून ओरडतात, "मी राहिले. जावा तुमी." हे रोजचं आहे. एखाद्या दिवशी टण्‌ टण्‌ ऐकू आलं नाही तर मी मशीन थांबवून दारात येऊन बघते, माणूस बरा आहे ना.

माझं ब्लाउज शिवायचं दुकान अप्पांच्या घराला लागून आहे, केजच्या बसस्टँडमागच्या गल्लीत. त्यामुळे अप्पा मला चोवीस तास ऐकू येतात. ते एसटीत कंडक्टर होते. 'होते' हे आपण म्हणायचं. खाकी उतरून बरीच वर्षं झाली, पण आतला कंडक्टर काही खाली उतरलेला नाही.

लग्नाच्या पंगतीत अप्पा उभे राहिले की मुलीकडचे निर्धास्त होतात. "पुढं सरका, पुढं सरका, पुढं लई जागा हाय," करत ते अर्ध्या मांडवात अख्खं गाव बसवतात. मयतीच्या घरी दारात घोळका झाला तरी त्यांना राहवत नाही. "मधी थांबू नका, आत चला," म्हणतात, आणि रडायला आलेल्या बायका मुकाट्यानं आत सरकतात. पूर्वी त्यांच्या हातात तिकिटांना भोक पाडायचा चिमटा असायचा. नोकरी संपल्यावर तो परत द्यावा लागला, म्हणून आता खिशात नेलकटर असतं. बोलण्याआधी ते टक टक वाजवतात. तुम्ही गप्प झालात की मगच विषयाला हात घालतात.

दिवाळीआधी माझ्या दुकानात बायकांची झुंबड उडते. एकदा मी एकीचं माप घेत होते, तेवढ्यात बाहेरून अप्पांचा आवाज आला, "चला चला, आत जागा हाय, दारात कुणी थांबायचं न्हाई." माझ्या टीचभर दुकानात त्यांनी इतक्या बायका कोंबल्या की मला टेप उलगडायला जागा राहिली नाही. मी चिडले. मला चिडायला फार काही लागत नाही. अप्पांनी शांतपणे टक टक केलं आणि म्हणाले, "बाई, चिडून काय उपयोग? मागच्या गाडीला यापेक्षा गर्दी हाय."

आता अप्पांच्या ड्रायव्हरबद्दल सांगायला हवं. रंगनाथतात्या. तसे ते एसटीचे ड्रायव्हर, पण अप्पा त्यांना 'माझा ड्रायव्हर' म्हणतात आणि तात्या अप्पांना 'माझा कंडक्टर'. दोघांनी कितीतरी वर्षं एकाच गाडीवर काढली. केज ते धर्मापुरी, मुक्कामी. संध्याकाळी गाडी केजहून निघायची, अंबाजोगाई करत धर्मापुरीला पोचायची, रात्री तिथंच थांबायची आणि सकाळी दूधवाल्यांना, कॉलेजच्या पोरांना घेऊन परत यायची. धर्मापुरीत उतारू उतरले की हे दोघं गाडीबाहेर तीन दगड मांडून खिचडी टाकायचे. कांदा तात्या चिरायचे, फोडणी अप्पा द्यायचे. मग लांबलचक सीटवर आडवं व्हायचं. अप्पा म्हणतात, त्या सीटवर आली तशी झोप पुन्हा कुठल्याच गादीवर आली नाही. हे ते काकूंच्या देखत म्हणतात.

दोघांचा स्वभाव मात्र अगदी वेगळा. अप्पा अखंड बोलणार आणि तात्या दिवसाकाठी मोजकं. शिवाय गाडीत एक पुढं, एक मागं, मध्ये इंजिनाचा आवाज आणि बकऱ्यांसकट अख्खं गाव. मग बोलायचं कसं? घंटीनं. एक घंटी दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. "आमचं एकदाबी भांडण झालं न्हाई," अप्पा मला सांगतात. "भांडायला बोलावं लागतंय, बाई."

नोकरी संपल्यावर तात्यांनी एक जुनी जीप घेतली आणि फाट्यापासून खेड्यांपर्यंत शिटा, म्हणजे उतारू, सोडू लागले. तात्यांचं घर आमच्याच गल्लीच्या टोकाला. सकाळी जीप निघायची आणि अप्पा आपल्या ओट्यावरून तोंडानं टण्‌ टण्‌ करायचे. तात्या काचेतून हात वर करायचे. एवढंच, पण दोघांचाही दिवस त्यानं सुरू व्हायचा.

गेल्या वर्षी तात्यांची बायको, सरूवहिनी गेली. तात्यांनी जीप लिंबाखाली लावली, तिच्यावर ताडपत्री टाकली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर ते बाहेर आलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. स्वयंपाकाला एक बाई यायची. अप्पा रोज चहा घेऊन जायचे. तात्या दार उघडायचे, कप घ्यायचे, 'हां' म्हणायचे आणि दार लावायचे. जीपची किल्ली मात्र त्यांनी अप्पांकडे दिली होती. बॅटरी बसू नये म्हणून अप्पा दर आठवड्याला जीप चालू करून जरा वेळ घरघरत ठेवायचे. चालू करायचे एवढंच. अप्पांना गाडी चालवता येत नाही. जन्म गाडीत गेला, पण स्टिअरिंगला हात म्हणून लावलेला नाही. "ते माझं काम न्हाई," म्हणतात.

उन्हाळ्यात अप्पांनी एक जुनी ट्रॉली विकत घेतली आणि घराशेजारच्या मोकळ्या जागेत आणून उभी केली. मला वाटलं शेण भरायला असेल. पण अप्पांनी तिच्यावर पत्र्याची पेटी उभी केली, भंगारातून एसटीच्या सरकत्या काचांच्या खिडक्या आणल्या, आतून प्लाय ठोकला, दोन लांब सीट बसवल्या, गॅसची शेगडी ठेवली आणि सगळ्याला लाल रंग मारला. सीटवर नंबर घातले. काकूंच्या सीटवर 'महिलांसाठी राखीव' लिहिलं. खिडकीखाली 'खिडकीबाहेर हात काढू नये', आणि भांड्यांच्या कपाटावर 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. पुढच्या बाजूला पाटी लागली: केज – धर्मापुरी, मुक्कामी.

काकूंनी कपाळाला हात लावला. "म्हातारपणी पोरं खेळण्यावाणी करायलेत," मला म्हणाल्या. "आन् मला म्हणतेत, तिकीट काढा."

मीही हसले होते. नंतर कळलं की अप्पांचा बेत सरळ होता. ट्रॉली तयार झाली की ती तात्यांच्या जीपला जोडायची आणि तात्यांना म्हणायचं, चल, धर्मापुरीला मुक्काम करून येऊ. एवढ्यासाठी हा माणूस उन्हाळ्यापासून पत्रा ठोकत होता.

दसरा झाला आणि तात्यांच्या पोराचा पुण्याहून फोन आला. पोरगा चांगला आहे, बापाची काळजी करतो. त्यानं ठरवलं होतं की बाबांना दिवाळीत पुण्याला न्यायचं आणि जीप विकून टाकायची. उगाच गंजत उभी आहे. अंबाजोगाईचं गिऱ्हाईक पाहिलं होतं, ते रविवारी जीप बघायला येणार होतं. तात्यांना विचारलं तर ते 'हां' म्हणाले. पोराचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. बाप असा दाराआड बसलेला कुणाला बघवेल?

अप्पा मात्र हादरले. माझ्या दुकानात येऊन बसले, नेलकटर हातात धरून, पण टक टक नाही. "फ्लॅटमधी तात्या काय करंल, बाई?" म्हणाले. "लिफ्टमधी वर-खाली करंल?"

मग अप्पांनी घाई केली. सलीमला बोलावलं. सलीम हा गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा, त्याचं दुकान स्टँडसमोर. ट्रॉलीचं वायरिंगही त्यानंच केलं होतं. त्यानं जीप बाहेर काढली, मागं ट्रॉली जोडली, सात पिनांचा प्लग जीपच्या सॉकेटात बसवला आणि दिवेलागणीच्या वेळेला ती लालभडक मुक्कामी गाडी तात्यांच्या खिडकीसमोर उभी केली. सगळी गल्ली ओट्यांवर आली. अप्पांनी हाक मारली, "तात्या, गाडी लागलीय."

 मग खिडकीची एक फळी उघडली. तात्यांनी गाडी पुढून मागपर्यंत बघितली आणि म्हणाले, "मागचे लाल दिवे लागत न्हाईत. असली गाडी मी काढत नसतो."

फळी बंद झाली.

अप्पा इतके खूश झाले की मला वाटलं, यांना ऐकू आलं नाही. "बघितलं का बाई? बोलला. वर्षात एवढं बोलला न्हाई." मग त्यांनी सलीमकडे वळून टक टक केलं. "दिवे लागले की ड्रायव्हरला कारण उरत न्हाई. लाव दिवे."

आणि इथून आमच्या गल्लीचा तमाशा सुरू झाला.

ट्रॉलीचे इंडिकेटर लागत होते. ब्रेक दाबला की मागचे दिवे भडकत होते. फक्त रात्री चालताना जे मंद लाल जळत राहायला हवेत, तेवढेच लागत नव्हते. अप्पांचा मुद्दा असा की बल्ब तोच, मग ब्रेकला लागतो आणि एरवी का लागत नाही? सलीमनं समजावलं की बल्ब एक असला तरी आत तारा दोन असतात, ब्रेकची वेगळी आणि रात्रीची वेगळी, आणि दोन्हींना वायरही वेगवेगळी येते. अप्पांनी मान हलवली. माझ्या लक्षात आलंय की अप्पा मान हलवतात तेव्हा त्यांनी ऐकलेलं नसतं.

सलीमनं बल्ब बदलले. नाही लागले. होल्डर घासले, मग नवे आणले. नाही लागले. प्लगच्या पिना पॉलिश पेपरनं चकाकवल्या. फ्यूज बघितला. "मी वायरिंग केलं तवा लागत व्हते," तो सगळ्यांना सांगत फिरायला लागला. त्याची गिऱ्हाइकं आमच्याच गल्लीतून जातात, त्याची इज्जत पणाला लागली होती. मग त्याला उंदरांचा संशय आला. ट्रॉलीत भजी लावून पिंजरा ठेवला. सकाळी भजं गायब आणि पिंजरा रिकामा. काकू म्हणाल्या, हा उंदीर कोण ते मला ठाऊक हाय, आणि अप्पांकडे बघितलं.

सगळ्यात मोठी पंचाईत तपकिरी वायरीची होती. रात्रीच्या दिव्यांचा करंट तिच्यातून यायला हवा. सलीम तिच्या पिनेला आपला तपासायचा दिवा लावायचा, तर तो जेमतेम मिणमिणायचा, जीपमधलं दिव्यांचं बटण चालू असो की बंद. "करंट हाय बी आन् न्हाई बी," सलीम डोकं खाजवत म्हणायचा. "असली वायर मी जिंदगीत बघितली न्हाई." दिवा लावला की जीपच्या पुढच्या भागातून बारीक 'कुर्र' असा आवाजही यायचा. आणि नेमका तेव्हाच अप्पांना खोकल्याची उबळ यायची. सलीम म्हणाला, प्लाय काढून आतली वायर बघू. अप्पा आडवे आले. प्लायला हात लावायचा नाही. बाहेरून दुसरी वायर ओढू म्हटलं तर, "लोंबत्या वायरीची गाडी माझा ड्रायव्हर नेत नसतो."

मी माझ्या दारातून हे सगळं बघत होते आणि मला दुसरंच काहीतरी दिसत होतं. तात्यांची खिडकी. पहिल्या दिवशी एक फळी उघडली होती. मग दोन्ही उघड्या राहू लागल्या. मग खिडकीत खुर्ची आली. सलीम खाली वाकून ट्रॉलीच्या पोटात शिरला असताना वरून एकदा आवाज आला, "अर्थिंग बघा." सलीमनं मुकाट्यानं अर्थिंगचा बोल्ट सोडला, रंग खरवडला, पुन्हा आवळला. नाही लागले. तात्या दार उघडून ओट्यापर्यंत आले, दोन पायऱ्या उतरले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत आत गेले.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी जीपचं गिऱ्हाईक येणार, आणि दिवे अंधारातच. सलीमनं हात टेकले आणि दुकानावर निघून गेला. मी ट्रॉलीसाठी पडदे शिवले होते, ते लावायला दुपारी आत चढले. अप्पा म्हणाले होते, घाई न्हाई. मी म्हटलं, पडदे माझे आहेत, मी कधी लावायचे ते मी ठरवणार.

खिडकीवरची पडद्याची नळी काढली तर तिच्या मागून एक वायर खाली आलेली. तपकिरी. ती सीट नंबर एकच्या खाली जात होती. मी हात घातला, बोटाला एक गोल बटण लागलं. शिलाईच्या धंद्यात हाताला लागेल ते चाचपायची सवय असते. दाबलं.

जीपमधून खणखणीत आवाज आला. टण्ण.

अप्पा धावत आले. इतके धावत आले की चढताना 'पुढं सरका' म्हणायलाही विसरले. "बाई, दाबू नका. तात्या आतल्या खोलीत झोपलाय म्हणून बरं. कुणाला सांगू नका."

"काय आहे हे?"

ते सीट नंबर एकवर बसले. नेलकटर काढलं, परत ठेवलं. मग सांगितलं. भंगारात त्यांना एसटीची जुनी घंटी मिळाली होती. सलीमचं काम झाल्यावर त्यांनी ती जीपमध्ये डॅशबोर्डच्या मागं लपवून बसवली होती आणि ट्रॉलीत बटण. तात्यांना न सांगता. "सरूवहिनी गेल्या त्याच आठवड्यात मी तात्याला म्हणलं, उठ आता, बाहेर पड. तर म्हणला, अप्पा, सकाळी उठून बसतो मी. पुढं काय करावं कळत न्हाई. घंटी मिळाल्याबिगर हलायची मला सवय न्हाई." अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. "वहिनी सकाळी त्याला हाक मारायच्या, चहा झाला म्हणून. ती हाक गेली. म्हणलं, आपुन देऊ घंटी."

 मी हातातला पडदा उगाच चुरगाळत राहिले. 

मग माझी नजर वायरीवर गेली. "अप्पा, ही वायर कुठून घेतली?"

"शिल्लक व्हती की. जीपमधून मागं येणाऱ्या वायरीत एक बिनकामाची निघाली. दिवसभर तपासली, इंडिकेटर दुसऱ्या वायरींवर, ब्रेक दुसरीवर. हिला कायबी काम न्हाई. मग पुढून तिची घंटी केली आन् इथं बटण."

"दिवसा तपासली?"

"दिवसाच. रातच्याला मला दिसतंय का?"

"अप्पा, सलीम आठवडाभर हीच वायर शोधतोय. ही रात्रीच्या दिव्यांची आहे. दिवसा दिव्यांचं बटण बंद, मग हिच्यात करंट कुठून येणार?"

अप्पांनी वायरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला हसू येत असूनही मी हसले नाही. घंटी गुपचूप ठेवायची म्हणून हा माणूस आठवडाभर खोकत होता, प्लायला हात लावू देत नव्हता, आणि त्या घंटीपायीच त्यांचा ड्रायव्हर गाडी काढत नव्हता.

मी सलीमला बोलावून आणलं. त्यानं वायर बघितली, घंटी बघितली आणि ट्रॉलीच्या पायरीवर बसून कितीतरी वेळ नुसता हसत राहिला. करंट घंटीतून फिरून येत होता, म्हणून त्याचा दिवा मिणमिणत होता आणि 'कुर्र' वाजत होतं. त्याची इज्जत परत आली होती. म्हणाला, "घंटीला दुसरी वायर टाकून देतो, पण सगळं खोलावं लागंल. आज न्हाई व्हायचं. सोमवारी."

सोमवार कुणाला मिळणार होता? जीप रविवारीच जाणार.

अप्पांनी बटणावरून अंगठा फिरवला. "दिवे लाव," म्हणाले. "घंटी राहू दे."

सलीमनं बटण काढलं, तपकिरी वायर पुन्हा दिव्यांना जोडली. सीटखाली स्क्रूची दोन भोकं तेवढी राहिली. संध्याकाळी अप्पांनी जीपचं बटण दाबलं आणि ट्रॉलीच्या मागं दोन्ही बाजूंना लाल दिवे लागले, मंद आणि स्थिर. गल्लीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी खिडकीकडे बघून हाक मारली, "तात्या, सकाळची ड्यूटी हाय." वरून 'हां' आलं. नेहमीचं 'हां' की दुसरं, कळायला मार्ग नव्हता.

रविवारी सकाळी मी दुकान उघडलं तर तात्या खाली उभे. दाढी केलेली, इस्त्रीची खाकी पँट, पांढरा सदरा. ताडपत्रीची घडी करून ओट्यावर ठेवलेली. त्यांनी जीपला एक फेरी मारली, ट्रॉलीला एक मारली, चाकांना लाथा घालून बघितल्या, प्लग ओढून बघितला. म्हणाले, "लावा दिवे." अप्पांनी लावले. ऊन चांगलं वर आलं होतं, उजेडात काही दिसेना, म्हणून तात्यांनी वाकून तळहाताची सावली केली आणि आत डोकावले. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तसंच बघितलं.

"लागले," म्हणाले.

आता कारण उरलं नव्हतं. तरी तात्या तिथंच उभे. त्यांनी वळून आपल्या दाराकडे बघितलं. आता हे आत जाणार, असं वाटलं. तेवढ्यात निर्मलाकाकू डबा घेऊन आल्या आणि जीपमध्ये पुढं चढून बसल्या. "तात्या, गुडघे दुखतेत माझे. पुन्हा उतरायला लावू नका."

तात्या बसले. किल्ली फिरवली, जीप चालू झाली. अप्पा ट्रॉलीत चढले. मागं माणूस बसवून न्यायचा नसतो हे त्यांना कुणी सांगायला नको. "फाट्यापर्यंतच," मला म्हणाले, "मग पुढं बसतो." सीट नंबर एकवर बसून त्यांनी हात मांडीवर ठेवले.

जीप घरघरत होती. हलत मात्र नव्हती.

आम्ही सगळे ओट्यांवर थांबलेलो. सलीमसुद्धा आला होता. जीप चालू, तात्यांचा हात गिअरवर, नजर आरशात, आणि गाडी जागच्या जागी. मी जवळ गेले. "तात्या, कावून थांबलाव?"

तात्यांनी आरशातून नजर काढली नाही. "घंटी न्हाई आली," म्हणाले.

लपवलेल्या घंटीचं त्यांना काहीसुद्धा माहीत नव्हतं. मी पैजेवर सांगते. मागं त्यांचा कंडक्टर बसला होता आणि त्यांना सवय होती, एवढंच. मी ट्रॉलीच्या खिडकीपाशी गेले. आत अप्पा मान खाली घालून त्या दोन भोकांकडे बघत बसले होते.

"अप्पा, ते घंटीसाठी थांबलेत."

अप्पांनी वर बघितलं. डोळे भरले होते, ते त्यांनी सदऱ्याच्या बाहीला पुसले. काच सरकवली, 'खिडकीबाहेर हात काढू नये' या स्वतःच्याच अक्षरातल्या पाटीवरून हात बाहेर काढला आणि पत्र्यावर जोरात मारला.

धड्‌. धड्‌.

जीप हलली. मागची लाल पेटी एकदा डुलली आणि सरळ झाली. गल्लीतून बाहेर वळताना तात्यांनी हात वर केला, आणि अप्पांचा आवाज आला, "कुणी राहिलं का?"   भर उन्हात लाल दिवे चालूच होते. तात्या ते बंद करायला विसरले असतील, किंवा नसतीलही.

मी दुकानात येऊन बसते न बसते तोच एक मोटारसायकल थांबली. अंबाजोगाईचा माणूस होता. "इथं एक जीप इकायची हाय म्हणं. लिंबाखाली लावलेली असती."

"गाडी ड्यूटीवर गेलीय," मी म्हणाले. "मुक्कामी हाय, आज यायची न्हाई."

"मग उद्या येऊ का?"

"उद्याबी ड्यूटी हाय."

तो माणूस डोकं खाजवत निघून गेला. तात्यांच्या पोराला काय सांगायचं ते मी नंतर बघणार होते. पुढ्यात कुणाचंतरी चोळीचं कापड पडलं होतं. मशीनवर पाय ठेवला, आणि पाय हलवायच्या आधी कात्री टेबलावर दोनदा आपटली.